नेफरतितीचं माहेर

दिवस पहिला : कैरो

तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात शिरलं की मधल्या उंच दालनाच्या पार टोकाला एक जोडपं बसलेलं दिसतं. राजा तिसरा आमेनहोतेप आणि त्याची पट्टराणी तिये. पुतळा सात मीटरच्या आसपास उंच. राणी राजाच्या गुडघ्याशी उभी नाही, त्याच्या शेजारी, त्याच्याच मापाची बसली आहे. तिचा एक हात पाठीमागून त्याच्या कमरेला वेढलेला. पायांशी तीन मुली, त्यांतल्या मधलीचं नाव हेनुततानेब.

"ताई, ही तुझ्या नेफरतितीची सासू ना?" धाकट्या बहिणीने विचारलं.

सासूच. नेफरतिती ही या जोडप्याच्या मुलाची, राजा अखेनातेनची, पट्टराणी. सात दिवसांच्या या प्रवासाची सुरुवात मी मुद्दाम सासूपासून केली, कारण सासूचं माहेर साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि सुनेचं कुणालाच नाही.

तियेशी झालेल्या लग्नाची वार्ता आमेनहोतेपने दगडात कोरलेल्या भुंग्यांवर लिहून देशोदेशी पाठवली. भुंगा तळहातावर मावेल एवढा, आणि त्याच्या पोटाशी मजकूर : राणीचं नाव तिये, तिच्या वडिलांचं नाव युया, तिच्या आईचं नाव थुया, ती अशा बलाढ्य राजाची पत्नी आहे ज्याची दक्षिण सीमा कारोयला आणि उत्तर सीमा नहरीनला भिडते. आपल्या लग्नपत्रिकेत 'यांची ज्येष्ठ कन्या' असं छापतात तसंच हे. युया राजघराण्यातला नव्हता. तो आखमीम गावचा, राजाच्या घोडदळाशी संबंधित अधिकारी. तरी जावयाने सासूसासऱ्यांची नावं अभिमानाने मिरवली.

वरच्या मजल्यावर ते सासूसासरे प्रत्यक्ष भेटतात. राजांच्या खोऱ्यातली त्यांची कबर १९०५ साली सापडली. तुतानखामुनचा खजिना मिळेपर्यंत इजिप्तमधला सर्वांत भरलेला शोध तोच होता. थुयाच्या सोनेरी मुखवट्यावर काळवंडलेल्या तलम कापडाचा पदर अजून चिकटून आहे. मुखवटा हसरा, आणि त्या काळ्या पदराखालून सोनं झिरपल्यासारखं दिसतं. युयाचा चेहरा इतका शाबूत आहे की आपण झोपलेल्या माणसाच्या खोलीत न विचारता आलो असं वाटून मी एक पाऊल मागे सरले.

थुयाच्या शवपेटीवरच्या लेखात तिच्या एका मुलाचं नाव आहे, आनेन. हा आनेन आमूनच्या मंदिरात दुसऱ्या क्रमांकाचा पुरोहित होता. त्याची स्वतःची स्मारकं आहेत, त्यांवर बिरुदं आहेत, पण आपण राणीचे भाऊ आहोत हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही. आईच्या शवपेटीवरची ती एक ओळ टिकली नसती तर तिये आणि आनेन बहीणभाऊ होते हे आज कुणी सांगू शकलं नसतं. या प्रवासात मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. नातं नव्हतं आणि नातं लिहिलं नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माझ्या या वेडाचं मूळ घरात आहे. आमच्या घराण्याचा एक जुना छापील कुलवृत्तान्त आहे. त्यात नऊ पिढ्यांचे पुरुष शाखा-उपशाखांसह नीट मांडलेत. पणजीच्या नावापुढे मात्र एवढंच : 'भार्या राधाबाई. माहेर उपलब्ध नाही.' तिचं लग्नाआधीचं नावही नाही. राधाबाई हे तर तांदळाच्या ताटात आमच्या घरच्यांनी लिहिलेलं नाव. तिची एक बहीण होती, हे मात्र घरात सगळ्यांना माहीत आहे. कृष्णामावशी म्हणून ती दर चैत्रात यायची आणि येताना काकवीची कळशी आणायची. बहीण आठवते, आईबाप आठवत नाहीत, हे लहानपणी मला फार विचित्र वाटायचं. नेफरतितीच्या बाबतीत नेमकं हेच घडलंय असं वाचलं त्या दिवसापासून ही बाई मला परकी राहिली नाही.

खाली, अखेनातेनची राजधानी अमर्ना हिच्या काळातल्या वस्तूंत, नेफरतितीचं एक अपुरं डोकं ठेवलंय. तपकिरी क्वार्ट्‌झाइटचं, साधारण वीत-दीड वीत उंच. बर्लिनमधला जगप्रसिद्ध रंगीत अर्धपुतळा १९१२ च्या ६ डिसेंबरला लुडविग बोरशार्टच्या चमूला थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या घरात सापडला आणि इजिप्तबाहेर गेला. हे डोकं इथेच राहिलं, आणि खरं सांगते, मला हेच जास्त आवडलं. भुवया आणि डोळ्यांच्या कडा काळ्या शाईने आखून ठेवल्यात, पुढे कुठे कोरायचं ते कारागिराला कळावं म्हणून. कपाळाच्या मधोमधही रेघ आहे. डोक्यावर वर आलेला खुंट आहे, त्यावर वेगळ्या दगडाचा मुकुट बसायचा होता. ओठांवर किंचित लाली. डोळे अजून उघडायचेत. मी तिथे वीस मिनिटं तरी उभी होते. बहीण बाकावर बसून माझी वाट पाहत होती आणि तिने एकदाही घाई केली नाही.

दिवस दुसरा : फुस्तात, आणि मिन्याकडे

सकाळी फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात. २०२१ च्या एप्रिलमध्ये तहरीरहून २२ राजेराण्यांच्या ममी सजवलेल्या गाड्यांतून मिरवत इथे आणल्या. त्यांत चार राण्या होत्या, आणि तिये त्यांतली एक. तळघरात उतरत जाणारा अंधारा मार्ग आहे, बोलायचं हळू, फोटो काढायचा नाही. हे नियम मला योग्य वाटले.

तियेचे केस. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ते केस राहतील. लांब, लाटांचे, खांद्यांवर पसरलेले तपकिरी केस, सव्वातीन हजार वर्षांनंतरही. डावा हात छातीवर दुमडलेला, उजवा सरळ. १८९८ मध्ये व्हिक्टर लोरेला राजांच्या खोऱ्यातल्या पस्तिसाव्या क्रमांकाच्या कबरीत ही ममी सापडली तेव्हा ती बेनाव होती. अभ्यासक तिला नुसतंच 'वडील बाई' म्हणत. तुतानखामुनच्या कबरीत एकात एक बसणाऱ्या इवल्या शवपेट्या मिळाल्या, सगळ्यांत आतल्या पेटीत तियेच्या नावाने जपलेली केसांची बट होती. नातवाने आजीचे केस जपले होते. शेवटी २०१० मध्ये जाहीर झालेल्या डीएनए तपासणीने ही बाई युया आणि थुयाची मुलगी, म्हणजे तियेच, हे ठरलं.

त्याच कबरीत तिच्या शेजारी दुसरी एक स्त्री होती, 'धाकटी बाई'. तिचं नाव अजून लागलेलं नाही. त्याच तपासणीनुसार ती तुतानखामुनची आई, आणि आमेनहोतेप व तियेची मुलगी, म्हणजे ज्याच्यापासून तुतानखामुन झाला त्याची सख्खी बहीण. पुष्कळ लोक उत्साहाने म्हणतात, हीच नेफरतिती. मला ते पटत नाही, आणि कारण साधं आहे. इजिप्तमध्ये 'राजकन्या' हे बिरुद कुणी लपवत नसे. राजाची मुलगी राणी झाली की दोन्ही बिरुदं लिहीत. नेफरतितीची बिरुदं ओळीच्या ओळी आहेत : महान राजपत्नी, दोन्ही देशांची स्वामिनी, थोर स्तुतीची. 'राजकन्या' एकदाही नाही. 'राजभगिनी' एकदाही नाही. तिये-आमेनहोतेपची ती मुलगी असती तर हे बिरुद गाळायचं कारणच नव्हतं. उलट बाजूने वाद घालणारे विद्वान आहेत. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली तर डीएनए सख्ख्या बहीणभावांसारखा दिसू शकतो, असं ते म्हणतात. तसं असेल तर मात्र नेफरतिती युया-थुयाच्या गोतातलीच ठरते. तो धागा पुढे येईल.

दुपारच्या गाडीने मिन्या. कैरोपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला.

दिवस तिसरा : अश्मुनैन, तुना अल-गबल

खिडकीतून पाहिलं तर साताऱ्याकडे आल्यासारखं वाटावं. दोन्ही बाजूंना ऊस, कालव्याच्या कडेने उसाने लादलेल्या गाड्या, त्यांच्यामागे कांडं ओढायला धावणारी पोरं. मध्ये हिरवागार चारा. ड्रायव्हरला विचारलं, हे काय? म्हणाला, "बरसीम." मी त्याला सांगितलं की आमच्याकडे गाईम्हशींना घालतात त्यालाही बरसीमच म्हणतात. हा चारा आपल्याकडे इजिप्तहूनच आला आणि येताना नाव घेऊन आला. त्या माणसाला इतका आनंद झाला की त्याने गाडी थांबवून मूठभर बरसीम तोडून बहिणीच्या हातात दिला.

अश्मुनैनला थोथ देवाची दोन प्रचंड वानरं उघड्यावर बसलीत, बाकी बरेचसे ढिगारे. पण याच मातीतून अमर्नाचे शेकडो दगड निघाले. अखेनातेनची राजधानी ओस पडल्यावर दुसऱ्या रामसेसच्या माणसांनी तिथले कोरीव दगड नदीपलीकडे आणले आणि देवळाच्या भरावात घातले. त्यांतल्या एका दगडावर 'राजाच्या देहाचा पुत्र तुतानखातेन' आणि 'राजाच्या देहाची कन्या अंखेसेनपातेन' ही नावं आहेत. तुतानखातेन म्हणजेच तुतानखामुन कुणा राजाचा मुलगा होता हे सांगणारा हा दगडी पुरावा, आणि तोही भरावात टाकून दिलेला. मुलगी नेफरतितीची, हे इतर ठिकाणी स्पष्ट आहे; हीच पुढे अंखेसेनामुन या नावाने तुतानखामुनची राणी झाली. मुलगा कुणाचा, ते दगड सांगत नाही. नेफरतितीच्या बाजूला सहा मुली दिसतात, मुलगा कधीच दिसत नाही.

तुनाला अखेनातेनने डोंगरात कोरलेली सीमाशिला पाहिली. नव्या शहराची हद्द आखणाऱ्या अशा डझनाहून अधिक शिला नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. पलीकडच्या आधीच्या शिलांवर राजाची शपथ आहे की राणी नेफरतिती दुसऱ्या कुठल्या गावी मरण पावली तरी तिला इथेच आणून पुरावं. ती मेल्यावर कुठे जाईल हे लिहिलं. ती कुठून आली ते नाही.

दिवस चौथा : अमर्ना

सकाळी सहाला निघालो, पुढे पोलिसांची गाडी. मल्लवीच्या पुढे मोटारीसकट तराफ्यावर चढून नाईल ओलांडली. पलीकडे उतरलं की शेताची एक पट्टी, खजूर, मातीच्या विटांची घरं आणि मग एकदम वाळू. डोंगर मागे सरकलेत आणि मध्ये अर्धचंद्रासारखं मोकळं मैदान पसरलंय. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इथे अख्खी राजधानी वसली आणि पंधरा-वीस वर्षांत मोडली. आज जमिनीवर पायाच्या ओळी आहेत आणि छोट्या आतेन मंदिराचे पुन्हा उभारलेले खांब. बाकी वारा.

उत्तरेच्या कबरींकडे आधी गेलो. पायऱ्या चढताना धाप लागते, आणि वर गफीर, म्हणजे पहारेकरी, चाव्यांचा जुडगा घेऊन बसलेला असतो. हूयाच्या कबरीत सासूबाई पुन्हा भेटल्या. तिये मुलाकडे पाहुणी आली आहे, मेजवानी चालली आहे, शेजारी बाकेतातेन नावाची छोटी राजकन्या आहे, आणि समोर सून बसली आहे. दुसऱ्या मेरिरेच्या कबरीत अखेनातेनच्या राज्याच्या बाराव्या वर्षीचा मोठा दरबार आहे. परदेशांतून नजराणे येताहेत आणि सहाही मुली आईबापांच्या मागे उभ्या आहेत. सहा जणी एकत्र दिसतात त्या इथे शेवटच्याच.

राजाच्या कबरीसाठी डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून कितीतरी किलोमीटर आत जावं लागतं. भिंती फार खराब झाल्यात. तरी एका छोट्या खोलीत दुसरी मुलगी मेकेतातेन हिच्या मरणाचा प्रसंग ओळखू येतो. आईबाप रडताहेत, राजाने राणीचा दंड धरलाय. बाहेर एक दाई तान्हं मूल घेऊन निघून जातेय. ते मूल कुणाचं, यावर शंभर वर्षं वाद आहे. कुणी म्हणतं मेकेतातेन बाळंतपणात गेली, कुणी म्हणतं एवढ्याशा पोरीला मूल कसलं, तो तिच्याच पुनर्जन्माचा संकेत आहे. मला त्या वादापेक्षा तो दंड धरलेला हात महत्त्वाचा वाटला. इजिप्तच्या राजांनी स्वतःला असं रडताना क्वचितच कोरून घेतलंय.

दुपारी दक्षिणेकडच्या कबरी, आणि त्यांतली पंचविसावी, आयची. मी या प्रवासाला आले ती खरं तर या दारासाठी.

आय हा दरबारातला मोठा माणूस, घोडदळाचा मुख्य, आणि 'देवपिता' हे त्याचं आवडतं बिरुद. युयालाही हेच बिरुद होतं, आणि युया राजाचा सासरा होता. आयचेही संबंध आखमीमशीच. यावरून अनेकांनी जोड लावली की देवपिता म्हणजे राजाचा सासरा, म्हणून आय हा नेफरतितीचा बाप, आणि बहुधा तियेचा भाऊसुद्धा. अनुमान सुंदर आहे. पण दारात या.

दाराच्या जाडीवर, सूर्यस्तोत्राच्या तेरा उभ्या ओळींखाली, आय आणि त्याची बायको तेय गुडघे टेकून हात वर करून बसलेत. (सासू तिये निराळी, ही तेय निराळी. नावं जवळची असल्याने घोटाळा होतो.) स्तोत्राचा बराचसा भाग गेल्या-त्याच्या आधीच्या शतकात फोडला गेला. फ्रेंच अभ्यासक बूरियांने १८८० च्या दशकात नक्कल करून ठेवली होती म्हणून तो आज पुरा वाचता येतो. मी मात्र तेयपाशी वाकले. बॅटरीचा उजेड तिरका धरला की अक्षरं उठून येतात. गाइडने बोट न लावता, हवेतच फिरवत, एकेक चिन्ह वाचून दाखवलं. बसलेली बाई, मांडीवर मूल : दाई. महान राजपत्नी नेफरतितीची दाई. पुढे : देवीला वाढवणारी.

आई नाही, दाई. दूधआई म्हणा.

तेय जर जन्मदात्री असती तर राणीची आई हे बिरुद तिने सोडलं असतं का? थुयाने सोडलं नव्हतं. तिच्या वस्तूंवर महान राजपत्नीची आई हे पुन्हा पुन्हा येतं. म्हणून अभ्यासक म्हणतात, नेफरतिती आयच्या आधीच्या बायकोची मुलगी असेल, ती बायको लवकर गेली असेल, आणि तेयने पोर छातीशी धरली असेल. सावत्र आई आणि दूधआई एकच. हे खरं असेलच असं नाही, पण माणसांच्या घरात असं घडतं, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. आत राजाच्या खिडकीतून आय आणि तेयवर सोन्याच्या माळांचा वर्षाव होतोय. तेयलाही. नोकरीतल्या पुरुषाला सोनं मिळणं नेहमीचं. त्याच्या बायकोला राजाराणीने असं खिडकीतून सोनं द्यावं हे विलक्षण आहे.

आणि इथेच, राजकन्यांच्या मागे, कृष्णामावशी उभी आहे. म्हणजे मुतबेनरेत. तिच्यापुढे लिहिलंय : महान राजपत्नी नेफरतितीची बहीण. जवळच दोन ठेंगणे सेवक. अमर्नाच्या आणखीही कबरींत ती अशीच दिसते, नेहमी थोडी बाजूला. तिचं नाव पूर्वी मुतनोजमेत असं वाचत, कारण 'बेनर' आणि 'नेजेम' यांची चिन्हं दिसायला सारखी आणि दोन्हींचा अर्थ गोड. होरेमहेब राजाच्या राणीचं नाव मुतनोजमेत, तेव्हा नेफरतितीची बहीणच पुढे राणी झाली अशी कथा जमली. एका चिन्हाच्या वळणावर एवढं मोठं नातं उभं राहिलं.

शिवाय 'बहीण' या शब्दाचंही बघा. आपल्याकडे मावशी निराळी, आत्या निराळी, मामी, जाऊ, नणंद, भावजय, सगळ्या निराळ्या. प्राचीन इजिप्तच्या भाषेत 'सेनेत' हा एकच शब्द बहिणीला, मावशी-आत्याला, चुलत-मामेबहिणीला, भावाच्या बायकोला चालतो, आणि त्या काळी स्वतःच्या बायकोलाही. मुतबेनरेत ही सख्खी, सावत्र, की तेयची मुलगी म्हणून दूधबहीण? शब्दाने सांगितलं नाही. मराठीत लिहिलं असतं तर आज एवढे ग्रंथ पडले नसते.

परतताना तराफा उशिरा आला. काठावर एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला गरम पावाच्या भाकऱ्या आणि पांढरं चीज दिलं, पैसे घेईना. "बिंतिक?" असं बहिणीकडे बोट दाखवून मला विचारलं. तुझी मुलगी का? मी म्हटलं, बहीण. "उख्त," ती म्हणाली, आणि आम्हा दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले.

दिवस पाचवा : आगगाडीत

मिन्या ते लक्सर, जवळजवळ पूर्ण दिवस. एका गोष्टीचा निकाल लावून टाकते, कारण आपल्याकडे ती फार आवडीने सांगितली जाते.

नेफरतिती या नावाचा अर्थ 'सुंदरी आली आहे'. आली म्हणजे बाहेरून आली, म्हणून ती मितन्नीची राजकन्या, असा तर्क एके काळी झाला. मितन्नी हे उत्तर सिरिया-इराकमधलं राज्य. त्याच्या राजांची नावं संस्कृतच्या नात्यातली, आणि त्यांच्या एका तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव येतात. तिथला राजा तुश्रत्त याने आपली मुलगी तादुखिपा इजिप्तला दिली, हे अमर्नाला १८८७ मध्ये सापडलेल्या मातीच्या पत्रांतून कळतं. त्यांतलं एक पत्र तर त्याने थेट तियेला लिहिलंय. नवऱ्याने कबूल केलेल्या भरीव सोन्याच्या मूर्तींऐवजी मुलाने सोनं मढवलेलं लाकूड पाठवलं, ही त्यात तक्रार आहे. मग काय, नेफरतिती म्हणजे तादुखिपा, म्हणजे वैदिक देवांच्या घरची लेक! ऐकायला गोड आहे. पण लेक परदेशातून मोठी होऊन आली असती तर तिला इजिप्तमध्ये दूध पाजणारी दाई कुठून असती? तेयचं ते एक बिरुद हा सारा डोलारा खाली आणतं. आपल्याला हवं म्हणून एखाद्या बाईचं माहेर आपल्या गावाला जोडू नये.

दुपारी सोहाग स्टेशन. नदीपलीकडे आखमीम, युयाचं गाव. गाडी थोडाच वेळ थांबली. मी दारात उभी राहून त्या दिशेला बघत राहिले. काही दिसलं नाही, पूल आणि धूर.

दिवस सहावा : लक्सर, पश्चिम तीर

वजीर रामोसेच्या कबरीत एका भिंतीवर जुन्या शैलीतली कोरीव माणसं आहेत, केसाची एकेक बट मोजावी अशी. बाप नेबी, आई इपुया, भाऊ, बायको, सगळे नावांनिशी बसलेत. जवळच्या भिंतीवर नव्या शैलीत खिडकीत उभे अखेनातेन आणि नेफरतिती. वजीराचं कुटुंब पूर्ण. राणीचं नाही.

तुतानखामुनच्या कबरीत गर्दी फार. पण उत्तरेच्या भिंतीवर बिबट्याचं कातडं पांघरून, निळा मुकुट घालून जो माणूस मृत राजाचं तोंड उघडण्याचा विधी करतोय तो आय. हा विधी वारसाने करायचा. तो जर नेफरतितीचा बाप असेल तर इथे तो आपल्या नातजावयाला निरोप देतोय. या कबरीत दोन अकाली जन्मलेल्या मुलींच्या इवल्या ममी मिळाल्या. म्हणजे त्या त्याच्या पणत्या. राजाची तरुण विधवा अंखेसेनामुन नंतर कुठे गेली, इतिहासाला सापडत नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाला एका इजिप्शियन राणीने लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे : नवरा मेलाय, मुलगा नाही, तुमचा एक मुलगा पाठवा. पण त्या हकीकतीत तिचं नाव 'दखामुन्झू' असं आलंय, आणि ते नाव नव्हेच. 'राजाची बायको' या इजिप्शियन शब्दांचा तो हित्ती उच्चार. ती अंखेसेनामुन, की नेफरतिती, की तिची थोरली मुलगी मेरितातेन?

उन्हं कलल्यावर पश्चिमेच्या खोऱ्यात गेलो. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आय पुढे चार वर्षं राजा झाला, त्याची ही कबर, तेविसावी. लांब उतार, खाली लाल ग्रॅनाइटची शवपेटी, एका भिंतीवर बारा वानरं, आणि राजकबरींत सहसा न दिसणारं एक चित्र : होडीतून पाणथळीत पक्ष्यांची शिकार. होडीत आय आणि मागे त्याची महान राजपत्नी. अंखेसेनामुन नव्हे. तेय. दाई राणी झाली होती.

दोघांचेही चेहरे नंतर कुणीतरी टाचून काढलेत, नावं खरवडलीत. पपायरसच्या झुडपातून उडालेली बदकं मात्र तशीच आहेत, पंख पसरलेली, एकाच्या चोचीखाली ब्रशचा ओघळ सुकलेला. मी वहीत लिहून घेतलं : इथेसुद्धा तेयने स्वतःला राणीची आई म्हटलेलं नाही.

रात्री हॉटेलातून आत्याला फोन लावला. ती नव्वदीला टेकली आहे. "आत्या, कृष्णामावशी कुठून यायची गं?" तिला आधी ऐकू गेलं नाही, मग म्हणाली, विचार करून सांगते.

दिवस सातवा : लक्सर संग्रहालय

शेवटचा दिवस एकाच भिंतीपुढे गेला. कर्नाकच्या एका गोपुराच्या पोटातून काढलेले अखेनातेनच्या मंदिराचे २८३ दगड जुळवून ही भिंत उभी केली आहे. या दगडांना 'तलातात' म्हणतात, अरबीतल्या तीनवरून, लांबी तीन विती म्हणून. एक माणूस एकटा उचलू शकेल एवढा एकेक दगड. कर्नाकच्या अशा दगडांवर नेफरतिती राजापेक्षाही जास्त वेळा दिसते, आणि तिथलं एक मंदिर तर असं होतं की त्यात पूजा करणारी ती एकटी, मागे छोटी मेरितातेन घंटाळी वाजवत उभी. अमर्नाच्या उत्तरेला अबू हिन्निसच्या खाणीतला, २०१२ साली जाहीर झालेला शाईचा लेख तिला अखेनातेनच्या राज्याच्या सोळाव्या वर्षीही महान राजपत्नी म्हणतो, म्हणजे नवऱ्याच्या राज्याच्या शेवटापर्यंत ती होती, अध्येमध्ये गायब झाली नव्हती.

बहिणीने खांद्यावर थोपटलं, फोनवर आत्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला होता. "अगं, मावशी बैलगाडीनं यायची आणि कानडी हेल काढून बोलायची. चिकोडीकडचं काही नाव घ्यायची. पण ती सख्खी बहीण होती की मावसबहीण, ते मला नाही सांगता यायचं बाई. आम्ही मावशीच म्हणायचो."

वही उघडली. आदल्या पानावर मी नेफरतितीची आकृती काढली होती, तिच्या वर तुटक रेघेने 'आय (?)', बाजूला 'तेय, दाई', आणि 'मुतबेनरेत, बहीण'. खालच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने लिहिलं : राधाबाई. माहेर चिकोडी (?). बाजूला : कृष्णामावशी, बहीण. आणि तिथेही तुटक रेघ ओढली.